खर्च धावण्यात नाही, सांध्यात होतो

रेल्वे आणि ट्रक मिळून केलेल्या मालवाहतुकीचा नकाशा पाहिला की डोळा आधी जातो तो मधल्या रुळांच्या लांबलचक रेघेवर. दोन्ही टोकांना रस्त्याचे तीस-चाळीस किलोमीटरचे तुकडे असतात. ते इतके बारीक की नकाशावर धड दिसतही नाहीत. बिल हातात आलं की चित्र पालटतं. ते दोन बारीक तुकडे आणि मालाची पेटी, म्हणजे कंटेनर, चढवण्या-उतरवण्याचं काम यांनीच बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास रक्कम खाल्लेली असते.

म्हणून हा व्यवहार समजून घ्यायचा तर रुळांपेक्षा सांधे नीट बघावेत, असं माझं मत आहे. सांधा म्हणजे माल जिथे हात बदलतो ती जागा. तिथे वाहन बदलतं, जबाबदार कंपनी बदलते, आणि कित्येकदा लागू होणारा कायदाही बदलतो.

शब्दांचा गोंधळ आधी मिटवू. माल एकाच पेटीत राहतो आणि त्या पेटीचं वाहन तेवढं बदलतं, त्याला इंटरमोडल म्हणतात. त्यातही मोठा टप्पा रेल्वेने किंवा जलमार्गाने आणि फक्त टोकांना थोडा रस्ता असेल, तर ती कंबाइन्ड म्हणजे संयुक्त वाहतूक. मल्टिमोडल हा शब्द मुख्यतः कराराचा आहे: वाहनं कितीही असोत, कागद एक आणि जबाबदार माणूस एक. बोलताना लोक तिन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, त्यात फार बिघडत नाही. कराराच्या कागदावर मात्र बिघडतं.

हिशेब मांडून बघू

पुढचे आकडे मनातले आहेत. गणिताची जात मात्र खरी आहे. समजा, ट्रक थेट दारातून दारात गेला तर किलोमीटरला 1 एकक खर्च येतो. तीच पेटी रेल्वेने नेली तर किलोमीटरला 0.45 एकक. एवढ्यावर थांबलं तर रेल्वे निम्म्याहून स्वस्त दिसते. आता सांधे मोजू. पेटी दोनदा उचलायची आहे, एकदा गाडीवर ठेवताना आणि एकदा उतरवताना. प्रत्येक उचलीचे 60 धरले तर झाले 120. दोन्ही टोकांना 40-40 किलोमीटर ट्रक लागणार, आणि त्याचा दर किलोमीटरला 2.5. म्हणजे एका टोकाचे 100, दोन्हींचे 200. गाडी जागची हललीही नाही आणि 320 एकक संपले. रेल्वे दर किलोमीटरमागे वाचवते 0.55. तेव्हा 320 भागिले 0.55, साधारण 580 किलोमीटर. अंतर त्याहून कमी असेल तर ट्रक परवडतो, जास्त असेल तर रेल्वे.

टोकाच्या ट्रकला अडीचपट दर का लावला? कारण तो धावतो कमी आणि उभा जास्त राहतो. टर्मिनलच्या, म्हणजे पेट्या ट्रकवरून रेल्वेवर चढवण्याच्या आवाराच्या, फाटकाशी रांग, क्रेनची वाट, ग्राहकाच्या गोदामात माल उतरेपर्यंतचा वेळ, आणि परत येताना बहुधा रिकामी पेटी. दिवसात दोन-तीन खेपा झाल्या तरी पुष्कळ. चालकाचा पगार आणि ट्रकचा हप्ता काही किलोमीटर मोजून कमी होत नाही. या टोकाच्या वाहतुकीला धंद्यात ड्रेयेज म्हणतात. ड्रे म्हणजे घोड्याने ओढायचा मालाचा छकडा. घोडे गेले, शब्द राहिला.

आता याच हिशेबात एक बदल करू. एक टोक बंदर आहे आणि रूळ थेट बंदराच्या आत जातात. जहाजावरून उतरलेली पेटी कुठल्याही मार्गाने न्यायची तरी बंदरात एकदा उचलावीच लागते, त्यामुळे त्या बाजूची उचल वेगळी मोजायची नाही आणि तिथला ट्रकही नको. सांध्यांचा खर्च 320 वरून 160 वर येतो आणि बरोबरीचं अंतर 580 वरून 290 किलोमीटरवर. बंदराला जोडलेली रेल्वेवाहतूक तुलनेने कमी अंतरातही टिकते आणि देशांतर्गत दोन शहरांमधली का रडतखडत चालते, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

उरलेलं निम्मं उत्तर त्या 0.45 मध्ये लपलं आहे. गाडीवर ऐंशी पेट्या असोत की तीस, इंजिन, चालक आणि मार्गाचं शुल्क यांत फारसा फरक पडत नाही. 0.45 हा आकडा गाडी भरलेली असेल तरच खरा. आणि ती दोन्ही दिशांना भरलेली हवी. एका बाजूने कारखाने, दुसऱ्या बाजूने नुसतेच ग्राहक, अशी जोडी असेल तर परतीची गाडी रिकाम्या पेट्या वाहते आणि त्याचा भार जाणाऱ्या मालावरच पडतो.

पोलादावर पोलाद

रेल्वे धावताना स्वस्त का, हे चटकन सांगून टाकतो. पोलादी चाक पोलादी रुळावर अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर टेकतं आणि दोन्हीही फारसे दबत नाहीत. रबरी टायर मात्र प्रत्येक फेऱ्यात दबतो, फुगतो आणि त्यात ऊर्जा गमावतो. त्याचा रोध कित्येक पट जास्त असतो. शिवाय गाडीचे डबे एकामागोमाग असल्याने हवा मुख्यतः पुढच्यालाच कापावी लागते.

याच गुणाची दुसरी बाजू अशी की पोलादावर पोलाद घसरतं. चढ सोसत नाही, थांबायला लांब अंतर लागतं. आल्प्सच्या पोटातून 57 किलोमीटर लांबीचा गोटहार्ड पायथा बोगदा खणला गेला आणि 2016 मध्ये खुला झाला, तो याच कारणाने: डोंगर चढायचाच नाही, सपाटीवरून पलीकडे जायचं.

आठ कोपऱ्यांची गोष्ट

या सगळ्या उद्योगाचा खरा शोध पेटी नाही. पेट्या आधीही होत्या. शोध आहे पेटीच्या आठ कोपऱ्यांतल्या ओतीव लोखंडी ठोकळ्यांचा. प्रत्येक ठोकळ्याला लंबगोल भोकं असतात. ट्रकच्या सांगाड्यावर, म्हणजे चॅसिसवर, बोंडासारखं डोकं असलेला खिळा असतो. तो भोकात शिरतो, नव्वद अंशांत फिरतो आणि अडकतो. याला ट्विस्टलॉक म्हणतात. क्रेनच्या चौकटीलाही असेच चार खिळे. रेल्वेच्या वॅगनवर पुष्कळ ठिकाणी तर नुसते खुंटच असतात. पेटी आपल्या वजनानेच त्यावर बसून राहते. चार माणसं, दोर आणि तासभर वेळ लागायचा तिथे आता दोन-तीन मिनिटं लागतात.

26 एप्रिल 1956 रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकी ट्रकमालकाने ‘आयडियल एक्स’ या जहाजावरून 58 पेट्या नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. कंटेनरच्या इतिहासाची सुरुवात तिथून धरतात. त्या पेट्या तीस-पस्तीस फुटी होत्या. इतर कंपन्यांनी आपापली मापं काढली. जो तो आपल्या मापाचा मालक असेपर्यंत एकाची पेटी दुसऱ्याच्या वॅगनवर बसेना. कोपऱ्याच्या ठोकळ्याचं पेटंट मॅक्लीनच्या कंपनीने सर्वांना खुलं केलं आणि 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात आंतरराष्ट्रीय मानकं ठरली, तेव्हा कुठे कोड्याचे तुकडे जुळले. आज 20 फुटी पेटी म्हणजे लांबी 6.058 मीटर आणि रुंदी 2.438 मीटर, मग ती जगात कुठेही दिसो.

पेटीवरचा क्रमांकही बघण्यासारखा असतो. चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एकटा आकडा. तो आधीच्या दहा चिन्हांवरून ठराविक सूत्राने काढलेला असतो. कारकुनाने किंवा कॅमेऱ्याने एखादं चिन्ह चुकीचं वाचलं तर गणित जुळत नाही आणि चूक बहुधा तिथल्या तिथे पकडली जाते. हजारो सारख्या दिसणाऱ्या पेट्यांच्या आवारात हा एक आकडा किती डोकेदुखी वाचवत असेल, याचा अंदाज करा.

गाडीवर नेमकं चढतं काय?

चार गोष्टी चढू शकतात. पहिली कंटेनर: मजबूत, एकावर एक रचता येणारा, चाळीस फुटी रिकाम्या पेटीचं वजन साधारण पावणेचार टन. दुसरी स्वॅप बॉडी, म्हणजे ट्रकचा सुटा करता येणारा हौदा. युरोपात ती फार चालते. तिला दुमडते पाय असतात. चालक पाय खाली सोडतो, ट्रक खालून काढून घेतो आणि हौदा अंगणात खाटेसारखा उभा राहतो. हलकी असते, पण बहुतेक प्रकार एकावर एक रचता येत नाहीत. तिसरा प्रकार म्हणजे चाकांसकट सेमीट्रेलर, ट्रकच्या इंजिनामागे जोडायचा बिनइंजिनाचा गाडा, सहा-सात टनांचा. आणि चौथा म्हणजे इंजिन, चालकाची केबिन, सगळ्यासकट अख्खा ट्रक.

अख्खा ट्रक चढवणं सगळ्यात सोपं. क्रेन नको, उतार पुरतो. कोकण रेल्वेने 1999 मध्ये सुरू केलेली रो-रो (रोल-ऑन, रोल-ऑफ: ट्रक चालवतच चढवायचा, चालवतच उतरवायचा) सेवा याच जातीची. जर्मनीतल्या फ्रायबुर्गहून आल्प्सपलीकडे इटलीतल्या नोव्हाराला जाणाऱ्या गाडीत चालकांसाठी वेगळा डबा जोडलेला असे. युरोपच्या नियमांनुसार चालकाला दिवसाला साधारणपणे नऊ तासच ट्रक हाकता येतो, आणि गाडीत बिछान्यावर घालवलेला वेळ विश्रांतीत धरता येतो, हा त्यातला मोठा फायदा. तोटा मात्र वजनाचा आहे. पंचवीस टन मालासाठी पंधराएक टनांचा ट्रकही रुळांवरून न्यायचा, आणि इंजिन व चालक दोघेही त्या वेळात कमाई न करता बसून राहायचे. घाट फार अवघड, रस्ता फार खराब किंवा ट्रकवर बंदी असेल तिथेच हे खरं शोभतं.

सेमीट्रेलर चढवण्याची जुनी अमेरिकी पद्धत मला फार गमतीशीर वाटते. गाडीच्या शेवटाला उतार लावायचा आणि ट्रेलर मागे ढकलत एका वॅगनवरून दुसरीवर, तिसरीवर असा न्यायचा. याला सर्कस लोडिंग म्हणत, कारण सर्कसवाले आपले तंबू आणि गाडे असेच रेल्वेवर चढवत. गंमत खरी, पण मधला एक ट्रेलर काढायचा तर त्याच्या आधीचे सगळे काढावे लागत. क्रेन आल्यावर ही पद्धत मागे पडली.

यात उंचीचा प्रश्न कायम डोकं वर काढतो. चार मीटर उंच ट्रेलर वॅगनवर ठेवला की जुन्या बोगद्यांच्या कमानीला त्याचे वरचे कोपरे लागतात. म्हणून वॅगनच्या मध्ये खळगा करून ट्रेलरची चाकं रुळांच्या जवळ आणतात. एवढं करूनही भागलं नाही तर बोगदाच वाढवावा लागतो; गोटहार्डच्या मार्गावर कोपऱ्यांशी चार मीटर उंच असलेले ट्रेलर जावेत म्हणून स्वित्झर्लंडने केलेलं काम 2020 मध्ये पुरं झालं. उत्तर अमेरिकेत याच्या उलट चैन आहे. तिथे दोन चाकगाड्यांच्या मध्ये टोपलीसारखी खोल वॅगन असते आणि तिच्यात पेटीवर पेटी रचतात. वरून विजेची तार बहुतेक मार्गांवर नाहीच, त्यामुळे अडसर नाही. भारतातल्या पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गावर विजेची तारच उंच नेली आणि विजेच्या इंजिनामागे दुमजली गाडी चालवली.

टर्मिनलमधली संध्याकाळ

ट्रक सुटायला माणूस लागतो. गाडी सुटायला वेळापत्रक. हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. समजा, गाडी रात्री आठला सुटते आणि पेटी स्वीकारण्याची शेवटची वेळ, म्हणजे कट-ऑफ, संध्याकाळी सहाची आहे. ट्रक सव्वासहाला फाटकाशी पोहोचला. उशीर पंधरा मिनिटांचा, पण पुढची गाडी उद्या रात्री आठला. झाला चोवीस तासांचा. आणि ती सेवा आठवड्यातून तीनदाच असेल तर मोजायलाच नको. म्हणून टर्मिनलमध्ये दुपारी चार ते सहा फाटकाशी झुंबड असते आणि सकाळी अकराला शुकशुकाट. क्रेन मात्र गर्दीच्या मापाने घ्याव्या लागतात, आणि त्या उरलेला दिवस नुसत्या उभ्या राहतात. उचलीचा दर जास्त का, याचं हे एक कारण.

आवारात फिरताना दिसणारं मोठं यंत्र म्हणजे रीचस्टॅकर: पुढे लांब हात काढलेलं, चाळीस-पंचेचाळीस टन उचलणारं. ते कुठेही फिरतं, पण त्याला फिरायला जागा फार लागते. गर्दीच्या टर्मिनलमध्ये म्हणून रुळांच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून उभी असलेली गँट्री क्रेन वापरतात. अनुभवी नियोजकाचं कसब पेटी उचलण्यात नसून ती ठेवण्यात दिसतं. उद्या सकाळी आधी लागणारी पेटी तीन पेट्यांच्या खाली गेली तर तिला काढायला तीन उचली फुकट जातात, आणि त्यांचे पैसे कोणी देत नाही.

पेटी जास्त दिवस पडून राहिली तर दंड लागतो. आवारात पडून राहिल्याचा तो डिमरेज, आवाराबाहेर नेऊन वेळेत परत न केल्याचा तो डिटेन्शन. काही ठिकाणी नावं आणि हिशेब वेगळे असतात, तेव्हा मोफत दिवस किती आणि ते नेमके कधीपासून मोजायचे, हे आधी विचारलेलं बरं. पाठवणाऱ्यांची सगळ्यात जास्त भांडणं मी याच दोन शब्दांवरून होताना पाहिली आहेत.

रस्ता अडला तर वळसा. रूळ अडला तर?

मालगाडी ताशी शंभर किलोमीटरने धावू शकते. प्रत्यक्षात युरोपच्या लेखापरीक्षकांनी 2016 मध्ये नोंदवलं की अनेक आंतरराष्ट्रीय मार्गांवर मालगाड्यांचा सरासरी वेग ताशी अवघा 18 किलोमीटरच्या आसपास पडतो. गाडी हळू धावत नाही, ती थांबते. प्रवासी गाडीला वाट देते, सीमेवर इंजिन आणि चालक बदलते, टर्मिनलबाहेर जागा रिकामी होण्याची वाट बघते. काही सीमांवर तर रुळांची रुंदीच बदलते. पोलंड आणि बेलारूसच्या दरम्यान 1435 मिलिमीटरचे रूळ संपून 1520चे सुरू होतात, आणि तिथे पेट्या एका गाडीवरून दुसरीवर ठेवाव्या लागतात. आणखी एक सांधा.

रुळांचा नाजूकपणा 12 ऑगस्ट 2017 रोजी जर्मनीतल्या राष्टाटजवळ दिसला. चालू मार्गाखालून नवा बोगदा खणताना जमीन खचली आणि वरचे रूळ वाकले. नेदरलँड्सपासून इटलीपर्यंतची मालवाहतूक ज्या मार्गाने होते तोच हा, आणि तो 2 ऑक्टोबरपर्यंत बंद राहिला. पर्यायी मार्ग नकाशावर होते. पण काहींवर विजेच्या तारा नव्हत्या, काहींवर लांब गाड्या मावत नव्हत्या, आणि फ्रान्समधून जायचं तर फ्रेंच बोलणारा आणि तो मार्ग माहीत असलेला चालक हवा. रस्ता अडला असता तर ट्रकवाले दुसऱ्या रस्त्याने वळले असते.

म्हणून ज्याचा माल रोज, ठराविक आणि जड आहे, ज्याच्या गोदामात दोन दिवसांचा साठा हाताशी आहे, त्याला हा मार्ग मानवतो. ऐनवेळी फोन करून ‘आजच निघायला हवं’ म्हणणाऱ्याला नाही.

माल फुटला, कोणी फोडला?

पेटी ट्रकवर असताना चालकाने करकचून ब्रेक मारला तर आतला माल पुढे झेपावतो. पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत रस्त्यासाठी पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या 80 टक्के एवढा जोर गृहीत धरायला सांगितलं आहे. रेल्वेवर धक्के वेगळे: डबे जोडतानाची टक्कर, तासन् तास चालणारी बारीक थरथर. त्यातून ट्रकवर पुढे असलेली बाजू गाडीवर मागे येऊ शकते. ट्रकसाठी बांधलेला माल गाडीसाठी पुरेसा बांधलेला असतोच असं नाही. दोन्ही टोकांना टेकू हवेत, मधल्या फटी भरलेल्या हव्यात, आणि वजन पेटीच्या मध्यावर यायला हवं. एका बाजूला झुकलेली पेटी क्रेनलाही तिरकी लटकते. वजनाची आणखी एक मेख आहे. पेटी तीस टन सोसत असली तरी टोकाच्या रस्त्यावर तेवढ्याची परवानगी असेलच असं नाही. युरोपने यावर तोड काढली: संयुक्त वाहतुकीत कंटेनर नेणाऱ्या ठराविक ट्रकना नेहमीच्या 40 ऐवजी 44 टनांची मुभा.

आणि तरीही फुटलं तर? युरोपातल्या आंतरराष्ट्रीय रस्तेवाहतुकीच्या सीएमआर करारानुसार भरपाईची मर्यादा किलोमागे 8.33 एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबी एकक. रेल्वेच्या सीआयएम नियमांनुसार तीच मर्यादा 17 एसडीआर, म्हणजे दुपटीहून अधिक. तोच माल, तेच नुकसान, पण ते ट्रकवर झालं की गाडीवर यावर भरपाई निम्मी किंवा दुप्पट. बंद पेटीत नेमकं कुठे फुटलं ते कोणालाच दिसलेलं नसतं. सगळ्या टप्प्यांना एकच नियम लावावा म्हणून 1980 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मल्टिमोडल वाहतुकीचा करार तयार केला. पुरेशा देशांनी मान्यता दिली नाही आणि तो आजवर लागू झालेला नाही. त्याची उणीव बुकिंग घेणाऱ्या कंपनीच्या छापील अटी भरून काढतात, आणि त्या अटींत बहुधा लिहिलेलं असतं की नुकसान कुठे झालं ते कळलं तर त्या टप्प्याचा कायदा, नाही कळलं तर आमची मर्यादा.

पेटीचं दार लावल्यावर कडीला क्रमांकाचं सील ठोकतात ते यासाठीच. प्रत्येक सांध्यावर पेटी घेणारा माणूस सीलचा क्रमांक आणि पेटीचे पत्रे बघून पावतीवर लिहितो. त्याने पोचा लिहिला नाही, तर पोचा त्याच्याकडे असताना पडला असं धरलं जाण्याची शक्यता. जाणते लोक म्हणून ट्रक दारात उभा असतानाच, सील तोडण्याआधी, क्रमांकासकट त्याचा फोटो काढतात, चालकासमोर दार उघडतात, आणि दाराशी रचलेल्या पहिल्याच खोक्याचा कोपरा चेपलेला दिसला तर पावतीवर तसं लिहून मगच सही करतात.